एसप्रिंटएफ काढून एसएनप्रिंटएफ टाकताना

सी भाषेतला जुना कोड सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला हे काम कधी ना कधी येतंच: जिथे जिथे एसप्रिंटएफ (साच्यात किमती भरून मजकूर लिहिणारं फंक्शन) आहे, तिथे तिथे एसएनप्रिंटएफ (तेच काम, पण जागेची मर्यादा पाळून) टाका. २०२२ मध्ये ॲपलने मॅकओएस १३ च्या एसडीकेत (प्रोग्रॅम बनवायच्या साधनसंचात) एसप्रिंटएफवर ‘डेप्रिकेटेड’चा, म्हणजे ‘यापुढे वापरू नका’चा, शिक्का मारला आणि वर्षानुवर्षं मुकाट कंपाइल होणाऱ्या प्रोजेक्टांच्या स्क्रीनवर वॉर्निंगांची रांग लागली. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन) तर त्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव दिसलं की कुरकुर करतो. मग कुणीतरी एडिटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ चालवतं, वॉर्निंग गप्प होतात, पॅच (केलेला बदल) मुख्य कोडात मर्ज होतो. माझं म्हणणं असं, की एवढ्यावर थांबलेलं काम अर्धंच झालेलं असतं. आणि राहिलेल्या अर्ध्यासाठी आता वॉर्निंगही येत नाही.

मुळात भानगड काय आहे ते आधी बघू. ज्यांना सी येते त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

सीमध्ये मजकूर म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेले बाइट आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट. शून्य दिसलं की मजकूर संपला. हा मजकूर ठेवायला जी जागा राखून ठेवतात तिला बफर म्हणतात. बफर किती मोठा आहे हे मजकुरासोबत कुठेच नोंदलेलं नसतं. फंक्शनच्या हातात फक्त बफर सुरू होतो तो पत्ता पडतो. तो संपतो कुठे, हे ज्याने बफर बनवला त्यालाच ठाऊक. बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात ही भाषा घडली तेव्हा मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची वस्तू होती, त्यामुळे ही काटकसर त्या काळाला शोभणारी होती.

एसप्रिंटएफ एक साचा घेतं, त्यात किमती भरतं आणि तयार मजकूर बफरमध्ये लिहितं. उदाहरणार्थ, एसप्रिंटएफ(फलक, "%एस", गाव): %एसच्या जागी गावाचं नाव येऊन ते ‘फलक’ या बफरमध्ये लिहिलं जातं. (कोडच्या ओळी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.) या कॉलमध्ये ‘फलक’ किती मोठा आहे हे कुठेच नाही. सांगायची सोयच नाही. सरकारी फॉर्मवर नावासाठी चौकोन आखलेले असतात, आणि लांब नावाचा एखादा माणूस चौकोन संपले तरी लिहीतच सुटला तर आडनाव शेजारच्या जन्मतारखेत घुसतं, तसंच हे. फरक एवढाच, की प्रोग्रॅममध्ये बफरच्या शेजारी दुसरी व्हेरिएबल असतात, आणि स्टॅकवर (फंक्शनांच्या चालू कामाची मेमरी) जरा पलीकडे रिटर्न ॲड्रेस असतो, म्हणजे हे फंक्शन संपल्यावर प्रोसेसरने कुठे परतायचं तो पत्ता. तो पत्ता ज्याला हवा तसा लिहिता आला, त्याला यंत्र हवं तिकडे वळवता येतं.

ही भीती पुस्तकी नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला. त्याची एक वाट फिंगर नावाच्या सेवेतून जात होती. त्या सेवेत ५१२ बाइटचा बफर होता आणि तो भरायला गेट्स हे फंक्शन वापरलं होतं. गेट्सलाही बफरचा आकार सांगता येत नाही. वर्मने ५३६ बाइट पाठवले. ते गेट्स सी भाषेच्या प्रमाणातून (भाषेच्या अधिकृत नियमांतून) बाहेर पडायला २०११ उजाडलं. आपल्याकडे टर्बो सीवर शिकलेल्या पिढ्यांनी नाव विचारणारा पहिला प्रोग्रॅम गेट्स वापरूनच लिहिला, आणि एसएनप्रिंटएफ त्या कंपायलरमध्ये नव्हतंच. ते प्रमाणात आलं १९९९ साली. तेव्हा जुन्या कोडात एसप्रिंटएफ दिसलं की लगेच लिहिणाऱ्याला शिव्या घालू नयेत.

आता खरा मामला. समजा एसटी स्टँडवरच्या फलकासाठी प्रोग्रॅम आहे आणि गावाच्या नावाला ३२ बाइटचा बफर ठेवलाय. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. ‘औरंगाबाद’ची चिन्हं होतात ८, म्हणजे २४ बाइट, शेवटचं शून्य धरून २५. ३२ मध्ये ऐसपैस. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं. ‘छत्रपती संभाजीनगर’ यात १६ चिन्हं आणि एक स्पेस, म्हणजे ४९ बाइट, शून्य धरून ५०. कोडची एक ओळही बदललेली नाही, डेटाबेसमध्ये फक्त एक नाव बदललंय, आणि एसप्रिंटएफ १८ बाइट शेजाऱ्याच्या जागेत लिहून मोकळं. रोमन लिपीतही नाव असंच लांबलं: आधी १० अक्षरं होती, आता स्पेस धरून २५. ‘एवढं लांब नाव कधी येणारच नाही’ हे गृहीतक असं मोडतं. त्याला हल्लेखोर लागतोच असं नाही, राजपत्रातली एक अधिसूचनाही पुरते.

इथे एसएनप्रिंटएफ(फलक, ३२, "%एस", गाव) लिहिलं की काय होतं? ते जास्तीत जास्त ३१ बाइट मजकूर लिहितं आणि बत्तिसाव्या जागी शून्य ठेवतं. आकड्यात शून्याची जागा धरलेली असते, त्यामुळे सवयीने ‘वजा एक’ करायची गरज नाही. फलकावर येतं ‘छत्रपती संभ’. शेजारची मेमरी शाबूत राहिली, प्रोग्रॅम कोसळला नाही. पण फलकावर जे दिसतंय ते कुठल्याच गावाचं नाव नाही.

आणि हे तरी नशिबाने नीट कापलं गेलं. बफर ३० बाइटचा असता तर २९ बाइट मावले असते: ‘छत्रपती सं’ आणि ‘भ’चा एक तुटका बाइट. तो अर्धा ‘भ’ स्क्रीनवर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह होऊन बसतो, आणि पुढे एखादा काटेकोर जेसन पार्सर (जेसन साच्यातला डेटा वाचणारा प्रोग्रॅम) आख्खा संदेशच नाकारतो. एसएनप्रिंटएफला बाइट कळतात, अक्षरं कळत नाहीत. त्यामुळे मराठी, हिंदी, तमिळ मजकूर हाताळणाऱ्या कोडात कापाकापी झालीच, तर शेवटाकडून मागे सरकत अपुरं चिन्ह काढून टाकावं लागतं. यूटीएफ-८ मध्ये ते सोपं आहे, कारण चिन्हाच्या मधल्या बाइटांची पहिली दोन बिट नेहमी १ आणि ० असतात. तरीसुद्धा ‘छत्’वर येऊन कापलं जाऊ शकतंच. चिन्ह पूर्ण, अक्षर अपुरं.

आता ज्याच्याकडे बहुतेक जण ढुंकूनही बघत नाहीत ते: एसएनप्रिंटएफ परत काय देतं. ते देतं पूर्ण मजकुराची लांबी, म्हणजे जागा पुरली असती तर किती बाइट लिहिले असते तो आकडा, शेवटचं शून्य सोडून. वरच्या उदाहरणात बफर ३२ चा, लिहिले ३१, पण परत येतात ४९. हा आकडा बफरच्या आकाराइतका किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेला. उणे असेल तर काहीतरी बिनसलं. एवढीच तपासणी. पण ती न करता नुसतं फंक्शनचं नाव बदललं, तर आधी जो प्रोग्रॅम धडकन कोसळायचा तो आता गुपचूप चुकीचं उत्तर देत चालू राहतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे नक्कीच बरं. बरोबर मात्र नव्हे.

कापलेलं कुठे चालतं आणि कुठे नाही, हे जागा बघून ठरवावं लागतं. लॉगमधली ओळ कापली गेली तर फारसं बिघडत नाही. पण फाइलचा मार्ग घ्या. प्रोग्रॅमला ‘/बॅकअप/पुणे/जुने’ हे फोल्डर उडवायचं आहे, बफर तोकडा पडला आणि मार्ग ‘/बॅकअप/पुणे’ असा कापला गेला. हा मार्ग वैध आहे, फोल्डर अस्तित्वात आहे, कुठलीही एरर येणार नाही, आणि उडेल ते पुण्याचं सगळंच. शेलला द्यायची आज्ञा, डेटाबेसची क्वेरी, पैशाचा आकडा, युजरनेम यांचंही असंच. इथे कापला गेलेला मजकूर वापरायचाच नाही. एरर परत करायची आणि थांबायचं. कोड रिव्ह्यूला माझ्यासमोर असा पॅच आला तर मी प्रत्येक कॉलपुढे एकच विचारतो: नाही मावलं तर पुढची ओळ काय करते? उत्तर नसेल तर तो कॉल अजून बदललेला नाही असं धरतो.

यांत्रिक बदलातून जे नवे बग जन्माला येतात त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा साइझऑफचा, म्हणजे एखादी गोष्ट किती बाइटची आहे ते सांगणाऱ्या शब्दाचा. बफर त्याच फंक्शनमध्ये ॲरे म्हणून जाहीर केलेला असेल तर साइझऑफ(फलक) बरोबर ३२ देतं. पण तोच बफर दुसऱ्या फंक्शनला पॅरामीटर म्हणून दिला की तिथे तो नुसता पॉइंटर, म्हणजे पत्ता, उरतो, आणि ६४ बिटच्या यंत्रावर साइझऑफ ८ देतं. सरसकट बदल करणाऱ्याने दोन्हीकडे साइझऑफ चिकटवलेलं असतं. मग सात बाइटच्या पुढे काहीच लिहिलं जात नाही. गंमत म्हणजे टेस्टमध्ये रोमन ‘पुणे’ घातलं असेल तर चार अक्षरं आरामात बसतात आणि टेस्ट पास होते. देवनागरी ‘पुणे’ला १२ बाइट लागतात, त्याचं ‘पु’ उरतं आणि ‘ण’चा एक अनाथ बाइट. उपाय साधा पण कष्टाचा: फंक्शनच्या सहीत, म्हणजे ते काय काय घेतं त्या यादीत, बफरसोबत आकाराचा पॅरामीटर वाढवायचा, आणि मग त्याला बोलावणारे सगळे कॉल दुरुस्त करत वरपर्यंत जायचं. या कामाचा खरा वेळ इथे जातो, आणि अंदाजपत्रकात नेमका हाच धरलेला नसतो.

दुसरा बग जास्त घातकी, कारण तो सुरक्षित दिसतो. एका बफरमध्ये तुकड्या-तुकड्याने मजकूर जोडताना लोक लिहितात: जागा += एसएनप्रिंटएफ(फलक + जागा, आकार - जागा, ...). आकार ६४ धरू. पहिल्या कॉलने ४० बाइट लिहिले. जागा झाली ४०. दुसऱ्या तुकड्याला ३० हवे होते, उरले होते २४. मजकूर कापला गेला, पण परत आले ३०. जागा झाली ७०. आता तिसऱ्या कॉलला आकार मिळतो ६४ वजा ७०. आकाराचा प्रकार बिनचिन्ही असल्याने उत्तर उणे सहा येत नाही, १८४४६७४४०७३७०९५५१६१० येतं. म्हणजे एसएनप्रिंटएफला सांगितलं, बफरच्या बाहेरून सुरुवात कर आणि जागा जवळजवळ अमर्याद आहे. एसप्रिंटएफ किमान बफरच्या आतून तरी सुरुवात करायचं! म्हणून प्रत्येक कॉलनंतर आलेला आकडा उरलेल्या जागेशी ताडून बघायचा आणि जास्त असेल तर तिथेच थांबायचं. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी एससीएनप्रिंटएफ नावाचं वेगळं फंक्शनच आहे. ते खरोखर किती लिहिले तोच आकडा देतं, त्यामुळे बेरीज कधी बफरच्या पलीकडे जात नाही. साध्या सीमध्ये ते नाही, पण तसं फंक्शन स्वतः लिहायला चार-पाच ओळी पुरतात.

जोडण्याचीच आणखी एक जुनी रीत: एसप्रिंटएफ(फलक, "%एस आणि बरंच काही", फलक). तोच बफर वाचायचा, त्यातच लिहायचं. भाषेच्या नियमाप्रमाणे याचं वर्तन अनिश्चित आहे. वर्षानुवर्षं ते चालताना दिसतं, आणि एक दिवस कंपायलरचे पर्याय बदलले की आधीचा मजकूर गायब. नाव बदलून एसएनप्रिंटएफ केलं तरी हा दोष तसाच राहतो. शोधा-बदला करणाऱ्या स्क्रिप्टला तो दिसतही नाही.

विंडोजवर चालणाऱ्या जुन्या कोडात अंडरस्कोरने सुरू होणारं एसएनप्रिंटएफ भेटेल. ते वेगळं जनावर आहे: मजकूर मावला नाही तर उणे आकडा देतं आणि शेवटी शून्य ठेवतच नाही. प्रमाणाबरहुकूम वागणारं एसएनप्रिंटएफ मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये दिलं. त्याआधीच्या कोडात एक मॅक्रो (कंपाइल होण्याआधी एका नावाच्या जागी दुसरं टाकणारा नियम) लिहून अंडरस्कोरवाल्यालाच एसएनप्रिंटएफ हे नाव दिलेलं सर्रास सापडतं. तो मॅक्रो आधी काढा. मजकूर नकलणाऱ्या स्ट्र-एन-कॉपी या फंक्शनचीही अशीच फसगत. नावात ‘एन’ आहे म्हणून लोक त्याला सुरक्षित धरतात, पण स्रोत लांब असेल तर तेही शेवटी शून्य ठेवत नाही. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतल्या फाइलनावाला ठरावीक १४ बाइटचा रकाना असायचा, तसले रकाने भरायला ते बनलंय. नुसता मजकूर नकलायचा असेल तर स्ट्र-एल-कॉपी बरं: १९९८ मध्ये ओपनबीएसडीने आणलं, आणि ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) यायला २०२३ उजाडलं.

बफर किती मोठा घ्यायचा हे मात्र अंदाजपंचे ठरवू नये. ३२ बिटचा पूर्णांक उणे चिन्हासह ११ अक्षरांत बसतो, शून्य धरून १२ बाइट. ६४ बिटचा २१ बाइटांत. दशांशाच्या %एफची गोष्ट निराळी: डबल प्रकारातली सगळ्यात मोठी संख्या छापायला बिंदूच्या आधीच ३०९ अंक लागतात, त्यामुळे २० बाइटचा बफर आणि %एफ ही जोडी दिसली की थांबून बघा. आणि पूर्णांक छापणाऱ्या %०२डी मधला २ म्हणजे ‘किमान दोन’. कमाल नव्हे. तास आणि मिनिटं "%०२डी:%०२डी" या साच्याने ६ बाइटच्या बफरमध्ये लिहिलीत, तर तुम्हाला माहीत आहे की मिनिटं ५९ च्या वर जाणार नाहीत. कंपायलरला माहीत नाही. त्याच्या लेखी ती ओळ २४ बाइटपर्यंत वाढू शकते. मजकुराला मात्र कमाल मर्यादा घालता येते: %.२०एस म्हणजे वीस बाइटच्या वर एकही नाही.

जीसीसी या कंपायलरने २०१७ मध्ये सातव्या आवृत्तीत फॉर्मॅट-ओव्हरफ्लो आणि फॉर्मॅट-ट्रंकेशन या दोन वॉर्निंग आणल्या, त्या नेमकं हेच गणित करतात. दुसरीचं वागणं लक्षात ठेवण्यासारखं आहे: साध्या पातळीवर ती, तुम्ही एसएनप्रिंटएफने परत दिलेला आकडा वापरत असाल, तर गप्प बसते. बदल करण्याआधी फॉर्टिफाय सोर्स हा कंपायलरचा पर्यायही चालू करून टेस्ट पळवा. तो ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच काम करतो, आणि बफरचा आकार कंपायलरला कळत असेल तिथे एसप्रिंटएफने हद्द ओलांडताच ‘बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड’ म्हणून प्रोग्रॅम जागीच थांबवतो. कोणते कॉल आज, आत्ता चुकताहेत याची यादी त्यातून फुकटात मिळते.

आकार आधी कळणारच नसेल तर बफर ठरावीक ठेवायचा हट्ट कशाला? एसएनप्रिंटएफला बफरच्या जागी नल (रिकामा पत्ता) आणि आकार शून्य दिला की ते काहीही न लिहिता फक्त लागणारी लांबी सांगतं. तेवढी अधिक एक जागा मॅलॉकने (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागून घेणारं फंक्शन) घ्यायची आणि पुन्हा बोलवायचं. हेच काम एका दमात करणारं एएसप्रिंटएफ लिनक्स, बीएसडी आणि मॅकवर आहे. मेमरी नंतर फ्री करायला विसरायचं नाही एवढंच. ज्या एम्बेडेड बोर्डांवर हीप (अशी मागून घ्यायची मेमरी) वापरायलाच बंदी असते तिथे हा रस्ता बंद. तिथे ठरावीक बफर आणि काटेकोर तपासणी याला पर्याय नाही.

हे कॉल उघडून बघतच आहात तर साचा कुठून येतो तेही बघून घ्या. एसएनप्रिंटएफ(फलक, ३२, गाव) असं लिहिलं तर गावाचं नावच साचा होतं, आणि त्यात कुणी %एन घातलं तर प्रिंटएफ घराण्याची फंक्शन मेमरीत आकडा लिहितात. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये याच जातीचा दोष सापडला होता. आकाराची मर्यादा इथे काहीही वाचवत नाही.

एकदा साफ केलेल्या कोडात एसप्रिंटएफ पुन्हा शिरू नये यासाठी गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) प्रकल्पाने २०१८ मध्ये केलेली युक्ती उचलण्याजोगी आहे. त्यांच्याकडे एक हेडर फाइल (कोडच्या इतर फाइलींत घेतली जाणारी फाइल) आहे. तिच्यात स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, एसप्रिंटएफ अशी नावं मॅक्रोने अशी बदललेली आहेत, की कुणी वापरली तर कोड कंपाइलच होत नाही. बफर पुरणारच असं ज्या जागी लिहिणाऱ्याला वाटतं तिथे ते स्वतःचं एक्सएसएनप्रिंटएफ वापरतात: मजकूर मावला नाही तर ते कापत नाही, बग आहे असं सांगून प्रोग्रॅम बंद करतं.

हजारभर कॉल समोर असतील तर क्रम असा लावावा: नेटवर्क, फाइल किंवा युजरकडून आलेला मजकूर %एसमधून जातो ते कॉल आधी. बफर पॅरामीटर म्हणून आलेला आहे ते त्यानंतर, कारण तिथे फंक्शनची सही बदलावी लागणार. नुसते %डी असलेले आणि बफर ऐसपैस असलेले शेवटी. हा शेवटचा गठ्ठा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सोपा असतो, त्यामुळे आधी त्यालाच हात घालायचा मोह होतो. तो नवशिक्याला द्यावा. पहिल्या गठ्ठ्याला मात्र तो कोड ज्याला आतून माहीत आहे असाच माणूस लागतो.